मुंगीच्या वाट्याची साखर

प्रश्न : शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यासाठी मी फलकावर ‘लहानपण देगा देवा’ ही ओळ लिहून घेतली होती. ती पाहून आमचे एक निवृत्त शिक्षक म्हणाले, “तुकोबांनी बालपण मागितलेलेच नाही.” मग इतके लोक ही ओळ ज्या अर्थाने वापरतात, तो चुकीचा म्हणायचा का? आणि अर्थ बदलल्यावर अशा ओळीतले शहाणपण टिकते का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्या शिक्षकांचे म्हणणे बरोबर आहे आणि त्याचा पुरावा त्याच अभंगात आहे. मुंगीला साखरेचा रवा, म्हणजे कण, मिळतो (शिऱ्याचा रवा हाही मुळात कणच). समुद्रमंथनातून निघालेल्या चौदा रत्नांपैकी एक असलेल्या ऐरावताला मात्र अंकुशाचा मार खावा लागतो. आणि पुढे तुकोबा स्पष्टच सांगतात, ‘ज्याचे अंगी मोठेपण, तया यातना कठीण’. येथे लहानपणाच्या समोर म्हातारपण उभे नाही, मोठेपण उभे आहे. शेवटी तर ‘व्हावे लहानाहूनि लहान’ असे येते, आणि वयाच्या हिशेबाने या मागणीला काही अर्थच उरत नाही.

‘लहानपण’ हा शब्द आज आपण बहुधा वयासाठीच वापरतो, म्हणून हा घोटाळा झाला. त्यासाठी कोणाला दोष देण्याचे कारण नाही, आणि मेळाव्यात बालपण आठवून ही ओळ म्हणणे हा काही अपराध नव्हे. मला अधिक खटकते ते ‘देगा’ हे जोडून लिहिणे. मूळ शब्द ‘दे गा’ असे दोन आहेत. ‘गा’ ही जवळिकीची हाक आहे. विदर्भात ‘काय गा’ आजही ऐकू येते. जोडून लिहिले की ते हिंदीतल्या क्रियापदासारखे दिसू लागते आणि देवाला हाक मारून केलेल्या मागणीतला लळा हरवतो.

टिकण्याविषयी आपण विचारले आहे, त्यासाठी तुकोबांचाच दुसरा अभंग पाहावा. ‘नीचपण बरवे देवा’ असा तो सुरू होतो. विचार तोच आहे, पण ही ओळ कोणी फलकावर लिहिणार नाही. लोकांच्या तोंडी बसली ती त्याच अभंगातली ‘महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती’ ही ओळ (‘वाचती’च्या जागी ‘राहाती’ असाही पाठ आहे). 2019 साली कृष्णेचा पूर पाहिलेल्या मिरजेच्या वाचकाला तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, कारण विधान आणि त्याचे कारण दोन्ही त्या एकाच चित्रात आहेत. कबीरांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका दोह्यातही मुंगी साखर घेऊन जाते आणि हत्तीच्या डोक्यावर धूळ उरते. तेथेही दोघांना एकत्र पाहिल्याशिवाय म्हणणे पुरे होत नाही. ‘लहानपण दे गा देवा’ या मागणीचे कारण तिच्या उत्तरार्धात आणि ऐरावताच्या ओळीत आहे, आणि आपण नेमके तेच गाळतो. शहाणपण नाहीसे झालेले नाही. ते आपल्या फलकाच्या कडेबाहेर राहिले आहे.

पुढच्या मेळाव्यात ‘मुंगी साखरेचा रवा’ एवढेही लिहून घ्यावे. रंगाऱ्याचे काम फार वाढणार नाही, आणि आपल्या शिक्षकांनाही बरे वाटेल.