आया आणि मुले बेघर होण्यामागे मानसिक आजार हेच मूळ कारण आहे का?

आपण विचारले आहे की, अमेरिकेत मुलांसह निवारागृहात येणाऱ्या कित्येक आया नैराश्याने किंवा व्यसनाने ग्रासलेल्या आढळतात, तर त्यांच्या बेघरपणाचे मूळ तेच मानावे का. मी समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना संशोधनपद्धती शिकवते आणि हा प्रश्न वर्गात हमखास येतो.

केवळ निवारागृहात पाहणी केली, तर उत्तर ‘होय’ असेच वाटेल. म्हणूनच मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर शहरात एलन बासुक आणि सहकाऱ्यांनी १९९२ पासून केलेला अभ्यास मोलाचा ठरतो, कारण त्यांनी २२० बेघर मातांच्या जोडीला घर असलेल्या २१६ गरीब माताही घेतल्या. बेघर मातांपैकी दहात नऊ जणींनी आयुष्यात कधी ना कधी गंभीर शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली होती. पण घर असलेल्यांतही हे प्रमाण दहात आठ होते, आणि नैराश्य दोन्ही गटांत सर्वसाधारण स्त्रियांहून बरेच अधिक होते.

वारंवार मद्यपान वा हेरॉइनचे सेवन, तसेच नुकतेच मनोरुग्णालयात राहावे लागणे यांमुळे धोका वाढतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ज्यांनी बचाव केला त्या गोष्टी अगदी व्यावहारिक निघाल्या: घरभाड्याला सरकारी मदत, शालेय शिक्षण पूर्ण झालेले असणे, मोठा गोतावळा आणि घर स्वतःच्या नावावर भाड्याने घेतलेले असणे. ही शेवटची बाब मला विशेष बोलकी वाटते. मुलांना घेऊन बहिणीकडे राहणारी बाई एका भांडणासरशी रस्त्यावर येऊ शकते आणि त्याची नोंद कुठल्याही कोर्टात होत नाही.

अशा तुलनेनेही कार्यकारणभाव पुरता सिद्ध होत नाही, ही शंका रास्त आहे. पुढे अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने २०१० पासून १२ ठिकाणच्या निवारागृहांतील २,२८२ कुटुंबांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गटवारी करून वेगवेगळ्या मदतींचा पडताळा घेतला. ज्यांना दीर्घकालीन भाडे-अनुदान देऊ केले, त्यांच्यातील बेघरपणा नेहमीच्या व्यवस्थेच्या, म्हणजे खास मदत न देता निवारागृहातून आपापली वाट शोधू देण्याच्या, तुलनेत निम्म्यावर आला. शिवाय मातांचा मानसिक ताण, जोडीदाराकडून होणारी हिंसा आणि मुलांच्या शाळा बदलणे, हे सारे कमी झाले. समुपदेशनादी सेवांची जोड असलेल्या तात्पुरत्या निवासाला एवढे यश आले नाही. अनुदान मिळालेल्यांत नोकरी करण्याचे प्रमाण थोडे घटले, हेही नोंदवायला हवे. खर्च मात्र सुमारे तीन वर्षांच्या हिशेबात नेहमीच्या व्यवस्थेहून ९ टक्क्यांच्या आसपासच अधिक आला.