‘एक लेडीज उभी आहे’

‘लेडीज’ हे इंग्रजीतले अनेकवचन असूनही आपल्याकडे ‘एक लेडीज आली होती’ असे सर्रास बोलले जाते. याला इंग्रजीचे अज्ञान म्हणावे का, आणि मराठी लेखनात हा प्रयोग चालेल का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

काही दिवसांपूर्वी स्वारगेटहून सुटलेल्या एसटीत ‘महिलांसाठी राखीव’ असे लिहिलेल्या आसनापाशी थांबून वाहक तिथे बसलेल्या तरुणाला म्हणाला, ‘‘ओ दादा, मागं एक लेडीज उभी आहे, तिला बसू द्या.’’ डोळ्यांसमोर ‘महिला’ हा शब्द लिहिलेला असताना तोंडी ‘लेडीज’ यावा, आणि तोही ‘एक’, ‘उभी’, ‘तिला’ अशा एकवचनी सोबत्यांसह यावा, याचे इंग्रजी जाणणाऱ्याला हसू येते. त्या वाक्याची घडण मात्र मराठी व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे.

हा शब्द आपल्याकडे शाळेतल्या व्याकरणातून आला नाही, तो पाट्यांवरून आला, असे मला वाटते. रेल्वेच्या डब्यावर, प्रतीक्षालयावर, शिंप्याच्या दुकानावर जो ‘लेडीज’ दिसतो, तो इंग्रजीत षष्ठीचा, म्हणजे ‘स्त्रियांचा’ या अर्थाचा आहे. इंग्रजी लेखनात त्याच्या शेवटी वरच्या बाजूला एक अपॉस्ट्रॉफी (’) हे चिन्ह असते, पण ते कानाला ऐकू येत नाही आणि देवनागरीत उतरत नाही. ‘लेडीज डबा’, ‘लेडीज सायकल’ हे शब्द ऐकणाऱ्याला ‘लेडीज’ हा अखंड शब्द वाटला, आणि त्यातून त्याने नाम घडवले. हे नाम ‘भिंत-भिंती’ किंवा ‘वाट-वाटा’ यांच्याप्रमाणे बदलत नाही. एक लेडीज, चार लेडीज. ‘जेन्ट्स’चेही तसेच झाले.

मग एकवचनी ‘लेडी’ का रुजला नाही? तो आपल्याकडे होताच, पण मानाची पदवी म्हणून. माहीमच्या कॉजवेसाठी ज्यांनी मोठी देणगी दिली, त्या लेडी जमशेटजींच्या नावाचा रस्ता मुंबईत आजही आहे. याखेरीज ‘लेडी डॉक्टर’सारख्या जोडशब्दांत तो विशेषण होऊन बसला. त्यामुळे बसमधल्या अनोळखी प्रवासी स्त्रीला नुसते ‘लेडी’ म्हणणे मराठी कानाला अवघडच वाटते.

माझ्या मते खरी मेख इथे आहे. अनोळखी स्त्रीचा उल्लेख करायला मराठीत शब्द पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाला काहीतरी चिकटलेले आहे. ‘बाई’ म्हटले की कुठे शाळेतल्या शिक्षिका आठवतात, तर कुठे घरकामाला येणारी. ‘महिला’ सरकारी कागदावरची वाटते, ‘स्त्री’ पुस्तकातली. ‘ताई’ आणि ‘मावशी’ म्हणायचे तर वयाचा अंदाज बांधावा लागतो, आणि तो चुकला तर समोरची व्यक्ती दुखावते. ‘लेडीज’ हा शब्द वय, दर्जा, नाते यांपैकी काहीच सांगत नाही, आणि दिवसभर अनोळखी माणसांशी बोलणाऱ्या वाहकाला नेमके तेच हवे असते. म्हणून याला अज्ञान म्हणायला मी तयार नाही.

इंग्रजीनेही उसन्या आणि घरच्या शब्दांचे असेच केले आहे. मटाराला तिथे पूर्वी ‘पीज’ असे एकवचनी नाव होते. त्यातला शेवटचा ‘ज’ लोकांना अनेकवचनाचा वाटला आणि तो काढून त्यांनी ‘पी’ असा नवा शब्द केला. आपला पायजमा तर एकच असतो, पण इंग्रजीत पायांत घालायच्या कपड्यांची नावे अनेकवचनी असल्यामुळे तिथे गेल्यावर तो ‘पजामाज’ झाला.

लेखनाबद्दल सांगायचे तर इंग्रजीत लिहिताना एका स्त्रीसाठी ‘लेडी’च लिहावे. मराठी बातमीत किंवा अर्जात ‘महिला’ योग्य. मात्र कथेतल्या वाहकाच्या तोंडचे ‘एक लेडीज’ संपादकाने खोडून तिथे ‘एक महिला’ लिहू नये, कारण तसे बोलणारा वाहक मला तरी कोणत्याही एसटीत भेटलेला नाही.