बंदराचा जुना नकाशा भिंतीवर लावायचाय

प्रश्न : नमस्कार ताई, माझे बाबा भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचवर सारंग होते, आता रिटायर झालेत. पंच्याहत्तरीला त्यांना मुंबई बंदराचा जुना समुद्री नकाशा फ्रेम करून द्यायचाय. ऑनलाइन सगळीकडे ए-थ्री साइजचे पिवळट प्रिंट दिसतात, तसलाच घेऊ का? सोफ्याच्या वर लावायचा विचार आहे.
– एक वाचक, उरण

उत्तर : तो पिवळट नका घेऊ. बहुतेक वेळा तो रंग नंतर कॉम्प्युटरवर चढवलेला असतो आणि त्यात नेमके आकडेच दबतात, आणि समुद्री नकाशात खरा माल आकड्यांचाच असतो, जमीन जवळपास कोरी आणि पाणी आकड्यांनी भरलेलं. हे आकडे पाण्याच्या खोलीचे. पूर्वी शिशाचं वजन दोरीला बांधून सोडायचं, बुडाला चरबी लावायची म्हणजे तळाचा चिखल-वाळू चिकटून वर येते, आणि मग खोली लिहायची, फुटांत नाहीतर फॅदममध्ये म्हणजे ६ फुटांच्या मापात. बाजूची बारीक अक्षरं त्याच चिखल-वाळूची. ज्या माणसाने आयुष्यभर त्या पाण्यात लाँच चालवली तो हे वाचल्याशिवाय राहणार आहे का!

म्हणून साइज मोठी घ्या. ब्रिटिश अ‍ॅडमिरल्टीची, म्हणजे हे नकाशे काढणाऱ्या तिथल्या नौदल खात्याची, पूर्ण शीट साधारण ४० बाय २७ इंच असते, ती ए-थ्रीवर आणली की आकडे म्हणजे नुसते ठिपके. अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस किंवा नकाशासंग्राहक डेव्हिड रमसे यांच्या ऑनलाइन संग्रहात शोधा, मोठे स्कॅन डाउनलोड करता येतात. ४० इंचाला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, हवं तर लांब बाजू १२,००० पिक्सेल लागते, एवढी फाइल नसेल तर बंदराचा एकच भाग, म्हणजे क्रॉस आयलंड, बुचर आयलंड, करंजा आणि खाली धरमतर खाडीचं तोंड एवढाच मोठा करून छापा, बाबांचा रूट त्यातच येतो.

साल बघताना खुणा बघा. खांदेरीचा दीपस्तंभ १८६७चा, प्राँग्जचा १८७५चा, प्रिन्सेस डॉक १८८०चा. म्हणजे डॉक दिसत असेल आणि विक्रेता १८६० सांगत असेल तर काहीतरी गडबड आहे, किंवा छपाईच्या जुन्या कोरीव प्लेटवर नंतर दुरुस्ती झालीय, ती तर नेहमीच व्हायची, तारखा खालच्या कडेला असतात. भाऊचा धक्का मात्र जुन्या शीटवर आजच्या जागी शोधू नका, भर घालून किनारा बराच पुढे सरकलाय.

छापताना कॉटन पेपर आणि पिगमेंट इंक सांगा, साध्या फोटो पेपरवर चकाकी येते. उरणच्या हवेत बुरशी धरते, त्यामुळे अ‍ॅसिड-फ्री माउंट, म्हणजे नकाशाभोवतीचा पुठ्ठा, घ्या, काच कागदाला टेकू देऊ नका आणि फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना छोटे बंपर लावा म्हणजे भिंतीची ओल लागणार नाही, पावसाळ्यात जी भिंत पाझरते तिथे तर लावूच नका. सोफ्याच्या वरही नको, मधे सोफा आला की जवळ जाऊन वाचता येत नाही. पॅसेजमध्ये बाबांच्या नजरेच्या उंचीवर लावा, थेट ऊन येणार नाही अशा बाजूला.