वाचकांचे प्रश्न: ग्लुटेनमुक्त पाव

प्रश्न: मुलाला सीलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लुटेन न चालण्याचा आजार) आहे. तांदळाचं पीठ, यीस्ट आणि झँथन गम घालून पाव करते. ओव्हनमध्ये छान फुगतो, पण बाहेर काढला की मध्ये खचतो आणि तळाला चिकट राहतो. काय चुकतं?

उत्तर: यीस्टला दोष देऊ नका. फुगवणारा वायू धरून ठेवायला पिठाला ताण लागतो, तो नुसत्या तांदळात नाही. झँथनने पीठ दाट होतं, पण इसबगोलाइतकं लवचीक होत नाही. त्यामुळे झँथन सोडा आणि इसबगोल घ्या. साधंच आणा, संत्र्याच्या चवीचं गोड नको.

ज्वारीचं पीठ १५० ग्रॅम, तांदळाचं ७०, कॉर्नफ्लोअर ८०. यातलं ३० ग्रॅम ज्वारीचं पीठ १२० मिली पाण्यात मंद आचेवर पिठल्याइतकं दाट होईपर्यंत हलवा. भाकरीसाठी उकड काढतो ती याचसाठी: शिजलेला स्टार्च पीठ बांधून ठेवतो. उकड कोमट होऊ द्या, नाहीतर यीस्ट मरेल. १५ ग्रॅम इसबगोल २२० मिली कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा. मग उरलेली पिठं, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ६ ग्रॅम मीठ, एक मोठा चमचा साखर, दोन मोठे चमचे तेल आणि एक छोटा चमचा व्हिनेगर घालून सगळं एकजीव करा. हे पीठ ओलं, चिकटच असतं. घाबरून कोरडं पीठ वाढवू नका, पाव विटेसारखा होईल.

८ बाय ४ इंचांच्या टिनमध्ये एकदाच फुगवा, तेही दीडपटच. दुप्पट होऊ दिलंत की आतल्या बुडबुड्यांच्या भिंती पातळ होतात आणि पाव बसतो. तुमचा बहुधा असाच बसतोय. २०० अंशांवर ५५ ते ६० मिनिटं भाजा. आतलं तापमान ९७ अंश हवं. टिनमधून काढून जाळीवर निदान दोन तास ठेवा. गरम असताना कापलात तर नीट भाजलेला पावही आत गिच्च लागतो, कारण स्टार्च अजून घट्ट झालेला नसतो.

प्रश्न: दुसऱ्या दिवशी भुगा होतो. फ्रिजमध्ये ठेवू का?

उत्तर: मुळीच नको, फ्रिजमध्ये तो लवकर शिळा होतो. काप करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि लागेल तसे टोस्ट करा.

प्रश्न: ज्वारी गिरणीतून दळून आणली तर?

उत्तर: त्याच जात्यावर गहू दळला जात असेल तर सीलिअ‍ॅक असलेल्यांसाठी चालणार नाही. धान्य निवडून घरच्या घरघंटीवरच दळा, आणि तिच्यात गहू कधीही घालू नका.