ग्लोबल हेल्थ शिकायला निघालीस, तर आधी भातलावणीला ये

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला, एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या मास्टर्सला, ॲडमिशन मिळाली आणि त्यात ग्लोबल हेल्थ घेतेयस, खूप खूप बरं वाटलं. फक्त "आता बाहेरच्या देशांतले प्रश्न कळतील" असं जे लिहिलंयस ना, त्याच्यावर थोडं बोलायचंय.

बाहेर म्हणजे कुठे गं? १९५७ ला कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात गोचिडीमुळे होणारा जो माकडताप पहिल्यांदा सापडला तो २०१६ ला आपल्या दोडामार्गात काजूच्या बागांपर्यंत आलाच की. गोचिडीला हद्द कळत नाही आणि आपला पेशंट पण हद्द बघत बसत नाही, तो सरळ गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात जातो. म्हणजे गोचीड चावली महाराष्ट्रात, ॲडमिट गोव्यात, मग कोणी कोणाला कळवायचं आणि किती लवकर? हाच प्रश्न देशादेशांत आला की त्याच्यासाठी २००५ चे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम आहेत, गंभीर साथीची शंका पक्की झाली की २४ तासांत डब्ल्यूएचओला कळवायचं वगैरे. ते नियम वाचशील तेव्हा दोडामार्ग डोळ्यासमोर ठेव, पटकन कळतील.

आता एक माझ्या कामातलं सांगते. लेप्टो म्हणजे उंदरांच्या मुतातनं चिखल-पाण्यात येणारा आणि जखमेतनं अंगात शिरणारा ताप, त्याच्या सीझनला आम्ही लावणीवाल्या बायकांना आठवड्यातनं एकदा तो ताप होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिनची गोळी द्यायचो, शिवाय गमबूट घाला म्हणून सांगायचो. फॉर्मवर 'गोळी दिली' हा रकाना गच्च भरलेला, मी खूश. एक दिवस आशाताईबरोबर, म्हणजे गावातल्या आशा आरोग्य कार्यकर्तीबरोबर, शेताच्या मेरेवर उभी होते, पाऊस धो धो, इरली घेऊन बायका वाकलेल्या, आणि एकीने कनवटीची गाठ सोडून तीन गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या, तीन आठवड्यांच्या. म्हणाली, "रिकाम्या पोटी खाल्ली काय मळमळता गो बाय, मगे वाकूक जमणा नाय." पहाटे नुसता कोरा चहा पिऊन त्या शेतात उतरायच्या आणि आम्ही गोळी नेमकी तेव्हाच वाटायचो! गमबुटाचं विचारलं तर तिने नुसता पाय चिखलातनं उपसून दाखवला, गुडघ्यापर्यंत. बूट तिथेच रुतून बसणार, तरवा, म्हणजे भाताची रोपं, कशी लावायची. मग आशाताईनेच सुचवलं की दहा-साडेदहाला पेज येते शेतावर, पेज जेवून झाली की गोळी आपल्यासमोर घ्यायची. औषध तेच, वेळ फक्त बदलली. 'दिली' आणि 'पोटात गेली' यातला फरक मला कुठल्याच लेक्चरमध्ये शिकवला नव्हता, आणि तो मला उशिरा कळला याचं अजून वाईट वाटतं.

म्हणून सांगते, बायोस्टॅट आणि एपिडेमिऑलॉजी मन लावून कर, त्यात आळस अजिबात नको, 'आर' हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर शिकून घे, पण डेटाशीट उघडलीस की आधी विचार की हा रकाना कोणी भरला, कुठे उभं राहून भरला. फील्ड प्लेसमेंट आफ्रिकेत मिळो नाहीतर नेपाळात, तिथली भाषा थोडीतरी शिक, आणि तिथल्या आशाताईला शोध, प्रत्येक गावात कोणीतरी असतेच. सहा आठवडे जाऊन डेटा घेऊन परत यायचं आणि ज्यांनी माहिती दिली त्यांना निकाल कधी कळवायचाच नाही, हे मला चोरीसारखं वाटतं, तू तसं करू नकोस. थिसिसच्या बजेटमध्ये परत जाऊन सांगायचा खर्च पहिल्या दिवशीच धर, नंतर पैसे उरत नाहीत.

आणि खेड्यातनं आलेय म्हणून वर्गात गप्प बसू नकोस हं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठव. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या पेशंटजवळ रात्र रात्र बसून त्यांनी लक्षणं टिपली, १९८२ ला ते लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, पुढे ब्लडप्रेशरची प्राझोसिन त्यांनी या दंशावर वापरली आणि कितीतरी माणसं, लहान मुलं वाचली. लाल विंचू आपल्याकडचा, पण त्या कामाचा उपयोग जगाला झाला. मला विचारशील तर ग्लोबल हेल्थ ते हेच.

तुझं कॉलेज सप्टेंबरला ना? मग जुलैत चार दिवस काढून ये, लावणी चालू असेल, आशाताईला मी सांगून ठेवलंय. बूट आणू नकोस, जुना सलवार कुर्ता आण, पायाला कुठे जखम असेल तर आधीच सांग म्हणजे पाण्यात उतरवणार नाही, आणि पेज आमच्याबरोबरच जेवायची.

तुझी,
मावशी