भंडाऱ्यावरची शपथ आणि दारातले लिंबू

प्रश्न : आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक होऊ घातली आहे. गेल्या खेपेस मतदानाच्या आदल्या रात्री विरुद्ध पॅनेलच्या एका महिला उमेदवाराच्या उंबऱ्याशी टाचण्या टोचलेली काळी बाहुली, हळद-कुंकू लावलेली लिंबे आणि प्रचारपत्रकातून कापलेले त्यांचे छायाचित्र ठेवलेले आढळले. हा उद्योग आमच्याच पॅनेलमधल्या काही मुलांचा होता, हे मला पुढे कळले. यंदाही तशी कुजबुज चालू आहे. शिवाय पैसे वाटताना मतदारांना बेल-भंडारा उचलायला लावायचा, असेही ठरते आहे. मी हटकले तेव्हा, 'तुमचा करणीवर विश्वास नाही ना? मग लिंबाने कुणाचे काय बिघडणार?' असे मलाच विचारण्यात आले. याला काय उत्तर द्यावे? आणि भंडारा उचलून दिलेला शब्द मोडणारा मतदार खोटा ठरतो का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या सहकाऱ्यांचा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. लिंबामुळे कोणाला ताप भरत नाही आणि मतेही इकडची तिकडे होत नाहीत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु ज्यांनी ती बाहुली रात्री नेऊन ठेवली, त्यांचा भरवसा मंत्रावर नव्हताच. सकाळी ती चार लोकांनी पाहावी, यावर होता. सडा घालायला दार उघडणारी सासू ती पाहते आणि सुनेला मतदान केंद्रावर जाऊ देत नाही, शेजारणी मुलांना त्या अंगणातून जायला मना करतात, काल प्रचाराला बरोबर फिरलेल्या बायका आज काही ना काही निमित्त काढून घरी राहतात, आणि पुढे वर्षभर त्या घरात कोणी आजारी पडले, गाय आटली, की बोट त्या बाहुलीकडे जाते. बिघडते ते हे, आणि ते बिघडावे म्हणूनच हा खटाटोप केलेला असतो.

समजा, त्या मुलांपैकी एखाद्याचा करणीवर मनापासून विश्वास असेल, तर त्याची बाजू सावरत नाही, उलट अधिकच घसरते. कारण मग एका बाईचे वाईट होणार याची खात्री बाळगून, ते व्हावे म्हणूनच त्याने ते कृत्य केले, असा त्याचा अर्थ होतो. विश्वास नसेल तर दहशत, असेल तर घातपाताचा प्रयत्न. निर्दोष अशी तिसरी वाट मला तरी दिसत नाही.

अशा प्रकारात आणखी एक माणूस भरडला जातो आणि त्याची दखल फारशी कोणी घेत नाही. बाहुली सापडली की ती कोणी 'केली' याचा शोध सुरू होतो आणि संशय बहुधा गावातल्या एखाद्या एकट्या, म्हाताऱ्या विधवेवर किंवा गरीब देवऋष्यावर जातो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात झालेल्या हत्येनंतर महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात अमुक व्यक्ती करणी करते असे जाहीर करून तिचे जगणे अवघड करणे हाही गुन्हा आहे, आणि त्या कायद्याखाली सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उमेदवाराने विजयासाठी नवस बोलावा, सत्यनारायण घालावा, कुलदैवताला जाऊन यावे, याला त्या कायद्याने हात लावलेला नाही, आणि मीही त्यात काही गैर मानत नाही.

निवडणुकीच्या कायद्याने हा प्रश्न फार पूर्वीच ओळखला आहे. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मतदाराच्या किंवा उमेदवाराच्या मनात दैवी कोपाची भीती घालणे हा 'गैरवाजवी प्रभाव' ठरतो. तो कायदा लोकसभा-विधानसभेपुरता असला, तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम 171 मध्ये तीच तरतूद आहे आणि ती ग्रामपंचायतीच्या निवडणुकीलाही लागू पडते. यात देव खरोखर कोपतो की नाही, याचा निवाडा कायदा करीत बसत नाही. मतदाराची निवड मोकळी राहिली का, एवढेच तो पाहतो. तेव्हाच्या पंजाबातील सिरसा मतदारसंघात 1957 मध्ये निवडून आलेल्या उमेदवारासाठी 'नामधारी' या शीख पंथाच्या सद्गुरूंनी अनुयायांना मतदानाचा हुकूम दिला होता. धर्मगुरूला एखाद्या उमेदवाराविषयी आपले मत सांगण्याचा हक्क आहे, पण हुकूम मोडल्यास दैवी अवकृपा होईल असे अनुयायांना वाटत असेल, तर त्यांना निवडीला जागाच उरत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये ती निवडणूक रद्दच ठरवली. आमच्या गावात कोण तक्रार करणार, असे तुमचे सहकारी म्हणतील. तक्रार होवो न होवो, गेल्या खेपेचे कृत्य कोणाचे हे तुम्हाला ठाऊक आहे आणि त्या बाईंना नाही. प्रचाराचा नारळ फुटण्यापूर्वीच त्यांच्या घरी जाऊन, घरच्यांसमोर हे सांगा. त्यांच्या सासूबाईंच्या मनातली धास्ती आणि गावातल्या कुणा निरपराध माणसावरचा संशय दूर करण्याचा याहून सरळ उपाय नाही, आणि तो तुमच्याच हातात आहे. पॅनेल तुमच्यावर रुष्ट होईल, होऊ द्या.

आता शपथेविषयी. तळहातावर बेलाचे पान आणि चिमूटभर भंडारा, एकेकाचे नाव घेऊन वदवून घेतलेला शब्द आणि मग हातात पडणारे पाकीट, हे दृश्य फार गावांनी पाहिले आहे. खंडोबाला मानणाऱ्या माणसाला 'ही अंधश्रद्धा आहे, सोडून द्या' असे सांगून उपयोग होत नाही, आणि तसे सांगणे मला न्याय्यही वाटत नाही. त्याच्या श्रद्धेच्या भाषेतच त्याला विचारावे, की ज्या देवाला आपण सत्याचा साक्षीदार मानतो त्याला लाचेच्या व्यवहारात जामीन म्हणून उभे कोणी केले? देवाचा अपमान झालाच असेल, तर तो भंडारा पुढे करणाऱ्याने त्याच क्षणी केला. मतदान यंत्रापुढे आपल्या विवेकाने बटण दाबणाऱ्याने नव्हे. जे मत विकण्याचा अधिकार मतदारालाच नाही, ते विकण्याचा शब्द त्याला बांधू शकत नाही, म्हणून तो मोडणारा माणूस माझ्या मते खोटा ठरत नाही. मत गुप्त असते आणि ते कोणाला दिले हे सांगण्याची सक्ती कोणी करू शकत नाही, हे त्यांना वस्तीवर जाऊन पुन्हापुन्हा सांगा. मात्र लाच घेणाऱ्यालाही कायदा दोषी धरतो, तेव्हा पाकीट ठेवून घ्यावे आणि मत हवे तिथे द्यावे, हा सल्ला मी देणार नाही. भंडारा कपाळाला लावून पाकीट तिथेच परत करता आले, तर शपथेचा प्रश्नच उरत नाही. आणि ज्या वस्तीवर दहा घरे मिळून तसे करतील, तिथे एकट्यादुकट्याला वेगळे काढून धमकावणे वाटणाऱ्यांना जड जाईल.