भात पिवळं का पडतं?

प्रश्न : गोराईतल्या खाचरात लावणीलाच सगळा युरिया टाकला, तरी महिन्याभरात खालची पानं टोकाकडून पिवळी पडली. आणखी टाकू का? – एक वाचक, बोरिवली

उत्तर : टाका, पण बेतानं. जुनी पानं आधी पिवळी पडली, म्हणजे नत्र (युरियातून मिळणारं नायट्रोजन) कमी पडलं. पावसात बराचसा युरिया वाहून गेला. गुंठ्याला ८७० ग्रॅम पुरे. आधी पाणी काढा, चिखलावर फेका, दोन दिवसांनी पाणी भरा. भरल्या खाचरात फेकलेला युरिया बांधावरून निघून जातो, पाहून जीव तुटतो.

पुढच्या वर्षी गुंठ्याला एकूण सुमारे २ किलो १७० ग्रॅम युरिया (हेक्टरी १०० किलो नत्र) तीनदा द्या : ४० टक्के लावणीला, ४० फुटव्यांच्या वेळी, २० पोटरीआधी, म्हणजे लोंबी पोटात धरण्याआधी. स्फुरद-पालाश (फॉस्फरस-पोटॅशची खतं) मात्र चिखलणीलाच.